मेमसाहेबाचा झगा, साखरेचे मोती

९ डिसेंबर, रविवार

सगळ्यात आधी उगवली ती समोरच्या घरातली केसरबाई. पाहुण्यांचा अजून पत्ता नाही आणि ही उंबऱ्यात उभी, हातात रिकामी वाटी. साखर पाहिजे म्हणाली. तिच्या घरात साखर संपली असं माझ्या तरी बघण्यात नाही, सुनेचा बाप पोत्यानं आणून टाकतो. मी वाटी भरून दिली तरी जाईना. म्हणते, "सरूअक्का, अपेक्षाला बघायला येतेत व्हय?" मी म्हणलं, बघायला नाही गं, शिवणकामाचं बोलायला येतेत, पुण्याच्या बाया. तर ती म्हणे, "आधी बायाच येतेत." आणि बसली की पाटावर.

हे सगळं मी लिहायला लागले त्याला कारण माझी नात अपेक्षा. म्हणे, आजी, तू दिवसभर बोलतेस ते डायरीत लिहीत जा, आमचे कान सुटतील. चौथी झालेली आहे माझी, जोडाक्षर अडतं, पण अडलं तर पुढं जायचं. माझ्या लेकाच्या, विश्वजीतच्या कंपनीची डायरी आहे, वर्ष संपत आलं तरी कोरीच पडलेली.

तर पाहुण्या आल्या. एक उमाताई, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, आणि त्यांच्या हाताखालची हिमानी, वाळलेल्या शेंगेसारखी पोरगी. उमाताई इथल्याच, आता पुण्यात नाटकांचे कपडे शिवून देतात. छावणीत पूर्वी गोरे साहेब राहायचे, त्यातल्या एकाच्या बायकोवर नाटक बसतंय. दीडशे वर्षांमागचा तिचा झगा पाहिजे, गळ्यातलं-कानातलं पाहिजे. अपेक्षानं कॉलेजच्या नाटकाला कपडे केले होते, त्याचे फोटो उमाताईंनी कुठूनसे बघितले. म्हणाल्या, घरी बसून एक झगा कर, दागिने कर, मी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी येऊन बघते. पसंत पडलं तर पुण्याला ये, माझ्याकडं कामाला, राहायची सोय करते.

विश्वजीत तोपर्यंत भिंतीकडं बघत बसला होता. पोरगी त्याची एकुलती. त्याला पुणं नको. माझा भाऊ बद्रीनाथ, गंगापूरकडचा, त्यानं एक स्थळ आणलंय. पोराच्या दोन जीपा आहेत, वेरूळला पाहुणे नेतो-आणतो, वीस एकर कोरडवाहू. पाहुण्या गेल्यावर विश्वजीत म्हणाला, "ठीक आहे. झगा पास झाला तर बघू. नापास झाला तर मामाला फोन, गंगापूरचे येतील. मग कुरकुर चालणार नाही." अपेक्षा म्हणाली, "नाही करणार."

मी देवापुढं दिवा लावला. पण मजा पण वाटतीय. उमाताईंनी दिलेल्या चित्रातली मेम बघितली मी, कमरेखाली केवढा तो घेर, कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखा. मी अपेक्षाला म्हणलं, हे तर मी करीन. जन्मभर गोधड्या शिवल्या, हे काय त्याच्यापुढं.

१३ डिसेंबर, गुरुवार

आज कापड कापायचं म्हणत होती पोरगी. अमावस्येला कात्री लावू दिली नाही मी. रुसली. रुसू दे.

१५ डिसेंबर

सुती कापड आहे, पांढऱ्यावर बारीक विटकरी फुलं, उमाताईंनीच दिलंय. अस्तराला मांजरपाट. कापायच्या आधी पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर मागून आटतं. गोधडीचं मी तसंच करते. पण पाणी कुठाय? नळाला पाचव्या दिवशी येतं तेही करंगळीएवढं. जालना रोडच्या अंगाला नव्या बिल्डिंगी उभ्या राहतेत, त्यांच्या टाक्या आधी भरतेत म्हणे. टँकरवाल्याला आवाज द्यायला आमचे हे चौकात जाऊन बसतात, पुंजाराम पाटील म्हणून मान आहे चौकात, पण टँकर मानाला थांबत नाही.

आज नशीब की सत्यभामा म्हणाली, डोकं दुखतंय, मी न्हात नाही. सत्यभामा म्हणजे माझी सून. तिच्या वाटणीचं पाणी उरलं. मी झटकन कापड त्यात बुडवलं. मग त्याच पाण्यानं फरशी पुसली आणि उरलेलं तुळशीला. बाई डोकेदुखीची आहे, गेल्या आठवड्यात पण न्हाली नाही. डॉक्टरला दाखव म्हणलं तर हसली नुसती.

१८ डिसेंबर

शिवणाचं मशीन खाली काढलं. म्हणजे टीव्ही खाली काढला. मशीन सत्यभामेच्या माहेरचं, लग्नात आलेलं, चांगलं पायाचं. इतकी वर्षं त्याच्यावर टीव्ही ठेवायला कामाला आलं, नाहीतर तेवढ्या उंचीचं टेबल विकत घ्यावं लागलं असतं. आता टीव्ही स्टुलावर. आमचे हे मान वाकवून बातम्या बघतात आणि म्हणतात, बातमी काय, दुष्काळाचीच, वर बघा का खाली बघा.

मशीनला तेल पाहिजे होतं. बघते तर आधीच तेल घातलेलं, चाकाची वादी पण नवी. इतकी वर्षं बंद राहून असं राहिलं, पूर्वीच्या वस्तू खऱ्या.

२१ डिसेंबर

वरच्या अंगाला, म्हणजे चोळीला, काड्या घालाव्या लागतात, कंबर ताठ राहायला. हिमानीनं सांगितलं होतं, मेमा त्यात माशाचं हाड घालायच्या. मला शिसारी आली. अंगाला हाड लावून जेवायला कशी बसत असतील. अपेक्षानं बांबूच्या काड्या घातल्या, त्या बसलं की मोडतात. खराट्याच्या घातल्या, त्या टोचतात. पोरगी रडकुंडीला आली.

संध्याकाळी विश्वजीत कंपनीतून आला. डब्याच्या पिशवीत त्या पिवळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं भेंडोळं, खोक्यांना बांधतात ती. मशीनजवळ पिशवी ठेवली आणि हातपाय धुवायला गेला. टाकायला म्हणून आणल्या असतील आणि विसरला असंल. अपेक्षानं कापून घातल्या, वाकतेत पण मोडत नाहीत. मी त्याला म्हणलं, तुझा कचरा कामी आला बघ. तो म्हणाला, "जेवायला वाढा."

२६ डिसेंबर

घेराचा पिंजरा कशाचा करायचा ह्याच्यावर चार दिवस घरात भांडण. तार जड. वेत महाग. आज आमचे हे शेतावर जाऊन आले गंगापूरकडं. मोसंबी वाळून गेली सगळी, सोळा वर्षांची झाडं, उभी सरपणं झाली. मी मुद्दाम काही विचारलं नाही. आले ते खांद्यावर ठिबकच्या नळीचं वेटोळं घेऊन. एसटीत कंडक्टरनं विचारलं म्हणे, बाबा, हे शहरात कशाला? तर ह्यांनी सांगितलं, मेमसाहेबाला पाणी सोडायचंय.

नळी गोल वाकवली, मोठं कडं खाली, लहान वर, कापडी पट्ट्यांनी एकाला एक टांगली. झालं डालगं तयार. अपेक्षानं आजोबाचे पाय धरले. हे मला नंतर म्हणाले, नळीत अजून मातीचा वास येतो. मग उरलेली नळी मांडीवर घेऊन बसले. मी पण दिव्याखाली सुई घेऊन बसले, पण टाके काही पडले नाहीत.

२ जानेवारी

नवी डायरी आली, ह्या वर्षीची. कंपनीनं कागद पातळ केलाय.

बद्रीनाथचा फोन. म्हणतो, पोराकडचे घाई करतेत. मी काही बोलले, काही टाळलं. खरं सांगू का, मला ते पोरगं पण आवडलंय. फोटोत हसतंय छान. आणि मला पुणं पण आवडतंय. आणि पोरगी इथं माझ्यापुढं बसून धागा तोंडात धरून बडबडते, ते तर सगळ्यात जास्त आवडतं. झगा पास झाला तरी ती जाणार, नापास झाला तरी जाणार. मग मी कशासाठी टाके घालतेय? आज दुपारी हे मनात आलं आणि सुई बोटात गेली.

६ जानेवारी, रविवार

दागिन्यांचं सांगायचं राहिलं. चित्रातल्या मेमेच्या गळ्यात मोत्यांचा तीन पदरी पट्टा, कानात लोंबते मोती. गुलमंडीच्या बाजारातून खोटे मोती आणले तर प्लास्टिक, चकचक करतेत. उमाताईंनी बजावलं होतं, जुने मोती चकाकत नाहीत, सारखे पण नसतात, एक मोठा एक बारीक. पोरगी डोक्याला हात लावून बसली. माझ्या समोर तिळाच्या वड्यांचं ताट होतं, संक्रांत आली ना. आणि एकदम डोक्यात आलं. हलवा!

नव्या सुनेला, तान्ह्या बाळाला आपण हलव्याचे दागिने घालतो की नाही. पांढरा, काटेरी, एक दाणा दुसऱ्यासारखा नाही, चमक तर नाहीच. गळ्यात घातला तर दोन हातांवरून कोण म्हणेल साखर आहे म्हणून. अपेक्षा माझ्याकडं बघतच राहिली, मग गालाचा मुका घेतला. मी म्हणलं, हो, पण चुलीपुढं तू बसायचं नाहीस, तुझा हात गरम आहे, काटा येणार नाही.

१३ जानेवारी

८ ते १२ काही लिहिलं नाही, हलवा चालू होता. शेगडीवर परात, त्यात खसखस आणि साबुदाणा, थेंब थेंब पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. घाई केली की गोळा होतो. थंडी चांगली पडलीय, काटा सुरेख आला. बोटांची सालं निघाली.

१४ जानेवारी, सोमवार, संक्रांत

काळी साडी नेसले. तिळगूळ घ्या गोड बोला. केसरबाईनं आज गोड बोलायचं म्हणून दिवसभर एकच विचारलं, स्थळ पक्कं झालं का.

दाणे बांधायला सुरुवात केली. हलव्याला भोक नसतं, प्रत्येक दाण्याला दोऱ्याचा फासा टाकून गाठ मारायची, मग पुढचा. हे मात्र अपेक्षाचा हात छान करतो.

१७ जानेवारी

झग्याच्या पाठीला नाडी ओवायची भोकं. एका बाजूला चौदा, दुसऱ्या बाजूला तेवढीच. भोक पाडून कडेनं दोऱ्यानं बांधून घ्यायचं, काजं करतात तसं. अपेक्षा दागिन्यात गुंतलेली म्हणून मी हे काम घेतलं. तीन केली. तिन्ही वाकडी, एकाचा तर दोराच सुटला. दिवे हल्ली मंद देतेत कंपन्या. कंटाळून गुंडाळून ठेवलं.

१८ जानेवारी

सकाळी उठून बघते तर सगळी भोकं झालेली. माझी तीन उसवून परत केलेली. एकसारखी, बारीक, मोहरीएवढा दोरा बाहेर नाही. मी अपेक्षाला विचारलं, ती म्हणाली मी नाही आजी, मी तर झोपले होते. मग माझ्याशिवाय कोण करणार? पूर्वी पण असंच व्हायचं, गोधडी शिवता शिवता डोळा लागायचा आणि हात चालूच. आठवत नाही एवढंच. मला माझंच कौतुक वाटलं.

सत्यभामेच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. विचारलं तर म्हणे भाजी चिरताना कापलं. दोन्ही हातांची बोटं कशी कापतेत भाजी चिरताना? लक्ष नाही तिचं कशात.

२० जानेवारी, रविवार

आजचं लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

आज केसरबाईच्या नातवाचं बोरन्हाण होतं. तिच्या अंगणात जागा नाही म्हणून आमच्या ओट्यावर केलं. गल्लीतली सगळी पोरं जमली. बाळाला काळं झबलं घातलं, पाटावर बसवलं. आणि केसरबाईची सून रडायला लागली, कारण बाळाच्या दागिन्यांची ऑर्डर जिला दिली होती ती बाई आलीच नाही. बाळ उघडंबोडकं. बोरन्हाणाला हलव्याचा एक दाणा अंगावर नाही. केसरबाई माझ्याकडं बघते. आता मी कशी गप्प बसणार? अपेक्षा गुलमंडीला नाडी आणायला गेलेली. मी कपाटावरचा डबा काढला, मेमेचा गळपट्टा बाळाच्या गळ्यात, कानातले त्याच्या मनगटाला. म्हणलं, फोटो काढा आणि लगेच द्या.

बाळ काय दिसत होतं म्हणून सांगू. गोऱ्या साहेबाचं पोर.

आणि मग केसरबाईनं परातभर बोरं, चुरमुरे, ऊस बाळाच्या डोक्यावर ओतले. लुटायला सुरुवात. बोरन्हाणात बाळाच्या अंगावरचं सगळं पोरांचं, हे मलाच ठाऊक नाही का? किती बोरन्हाणं केली मी. पण त्या घटकेला विसरले. पोरं तुटून पडली. गळपट्टा कुठं, कानातले कुठं. दाणे तोंडात टाकत पळाली गल्लीत.

तेवढ्यात अपेक्षा आली. हातातली पिशवी पडली तिची. मी म्हणलं, रडू नको, परत करू. ती म्हणाली, "आजी, त्याला मी रोगण लावलंय. नखाला लावतात ते. वितळू नये म्हणून. पोरं खातायत का ते?"

पुढचं काय लिहू. आम्ही सगळ्या धावलो. कुणाच्या मुठीतून काढलं, कुणाच्या गालातून बोट घालून. गल्लीतल्या पारूबाईचा नातू म्हणाला कडू हाय, थुंकला, देवासारखा वाटला मला तो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरला अपेक्षानं फोन लावला. तो म्हणाला, दोन-चार दाणे गेले असतील तर घाबरू नका, पण भरपूर पाणी पाजा आणि लक्ष ठेवा.

भरपूर पाणी. टँकर परवा येणार. आमच्या घरात प्यायचा एक हंडा होता. सत्यभामेनं तो कमरेवर घेतला आणि घरोघर जाऊन एकेका पोराला तांब्यानं पाजत गेली.  संध्याकाळपर्यंत सगळी पोरं खेळायला लागली, एकाला पण काही झालं नाही. तरी मी देवापुढून उठले नाही.

केसरबाई दारातून म्हणाली, "सरूअक्का, माझ्या नातवाच्या गळ्यात विष घातलंस." आणि दार लावून घेतलं. एवढ्या वर्षांत आमच्या दोघींची दारं अशी समोरासमोर बंद राहिली नव्हती.

विश्वजीतला संध्याकाळी कळलं. शर्ट पण काढला नाही त्यानं. म्हणाला, "बस झाला हा खेळ. मी मामाला फोन करतो." अपेक्षा भिंतीला टेकून उभी. तिनं शब्द दिला होता ना कुरकुर करणार नाही म्हणून.

आणि सत्यभामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "रविवारपर्यंत थांबा."

एवढंच. पण लग्न झाल्यापासून नवऱ्याला असं समोरून काही बोललेली मला तरी आठवत नाही. विश्वजीतनं फोन खिशात घातला. मला वाटतं गंगापूरचे पाहुणे इतक्या लवकर आले तर पुरणाचं सगळं तिच्यावर पडेल, म्हणून म्हणाली असंल. माणसाला ज्याची त्याची अडचण.

२२ जानेवारी

जमवलेले दाणे टाकून दिले. रोगणाचे, फुटके, उष्टे. गळपट्ट्याच्या मागचा पुठ्ठा तेवढा राहिला, त्यावर एका पोराचे दात उमटलेत. रविवार पाच दिवसांवर. हलव्याला काटा धरायलाच चार दिवस पाहिजेत, मग बांधणार कधी? माझ्या बोटांना पाण्याचा पण स्पर्श सहन होत नाही. जेवण गेलं नाही. एवढ्या लेकराला मी स्वतःच्या हातानं गंगापूरच्या जीपमध्ये बसवतेय असं सारखं वाटतंय.

२३ जानेवारी, बुधवार

पहाटे कडी वाजली. सगळ्यात आधी कोण, तर केसरबाई. बगलेत तिची पितळी परात, हातात वाटी, डिसेंबरात नेलेली, साखरेनं भरलेली. तोंड वाकडंच. म्हणाली, "माझ्या नातवानं मोडलं, मीच बसते." मी म्हणलं, तुझा हात गरम आहे. ती म्हणाली, "तुझं तोंड गरम आहे, सरक." बसली शेगडीपुढं. दुपारी पारूबाई आली, तिनं खसखस आणली. दोन पराती लागल्या. केसरबाईच्या हाताला माझ्यापेक्षा बरा काटा येतो, पण हे मी तिला सांगणार नाही.

अपेक्षा रोगण लावू म्हणायला लागली तर मी बाटलीच बाहेर फेकली. आता रोगणाचं नाव नाही.

२६ जानेवारी, शनिवार

शेवटचा दाणा बांधला. झगा खुंटीला मावेना म्हणून मधल्या खोलीत डालग्यासकट उभा करून ठेवलाय. जाता येता दचकायला होतं, वाटतं कुणी बाई उभी आहे. खालच्या घेराची तुरपाई अर्धी राहिली होती माझी, सकाळी बघते तर पूर्ण. आता मला स्वतःची थोडी भीती वाटायला लागलीय.

२७ जानेवारी, रविवार

उमाताई आल्या. हिमानी आली. त्यांच्याआधी केसरबाई आली हे सांगायला नको. ओट्यावर पारूबाई आणि तिचा कडू म्हणणारा नातू.

हिमानीला आत नेऊन झगा घातला. नाडी आवळली. पट्ट्या वाकल्या, मोडल्या नाहीत. आणि बाहेर यायला निघाली तर दारात अडकली. घेर मोठा, दार आमच्या मुकुंदवाडीतल्या लहानशा घराचं. पुढं येईना, मागं जाईना. उमाताईंचा चेहरा मला वाचता येईना. मग आमचे हे टीव्हीपुढून उठले, खाली वाकले आणि एका बाजूनं कडं जरा वर उचललं. नळी वाकली, हिमानी तिरकी होऊन सुटली, आणि कडं परत गोल. हे म्हणाले, "मोसंबीला तरी ही नळी एवढी कुठं उभी राहिली." उमाताई हसल्या. 

ती उजेडात उभी राहिली ना, तर खरंच मेम. गळ्यात तीन पदर मोती. केसरबाईनं पदर तोंडाला लावला.

मग उमाताईंनी झगा काढून घेतला आणि उलटा केला. पूर्ण उलटा. आतल्या शिवणी बघायला लागल्या, बोटं फिरवत. पाठीच्या भोकांपाशी आल्या आणि थांबल्या. परत परत बघितली. मग विचारलं, "ही भोकं कुणी केली?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात सत्यभामा चहाचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "आत्याबाईंनी."

मी मान हलवली. खरंच तर होतं. उमाताईंनी माझे हात हातात घेतले, बोटं बघितली, सालं निघालेली. मग ट्रेवरच्या हातांकडं बघितलं. चिंध्या अजून सुटल्या नाहीत तिच्या. खूप वेळ कप उचललाच नाही त्यांनी. मला वाटलं चहा नको असंल.

मग म्हणाल्या, "झगा पास. गळ्यातलं पास नाही." मी गळपट्ट्याकडं बघितलं. तर त्यांनी बोट पुढं केलं, त्यावर मुंगी. गळपट्ट्यावर रांग लागली होती. दाणा जिभेला लावून बघितला त्यांनी आणि इतक्या हसल्या की हिमानी पण हसायला लागली. म्हणाल्या, "आजी, रंगमंचावर दिव्याखाली ह्याचा पाक होईल. पण ही गाठ मला पाहिजे. असेच दाणे शाडूचे करू, गाठ हीच ठेवा."

जाताना विश्वजीतशी बोलल्या. हळू बोलत होत्या, मी कान दिला. "मुलगी मला हवीय. घाई नाही, विचार करा. रथसप्तमीला मी परत येते, अजून दोन झग्यांचं कापड घेऊन. एक तिनं पुण्यात करायचा, एक इथं. आणि ही भोकं ज्यांनी केली, त्या मला त्या दिवशी घरी भेटू द्या."  विश्वजीत पण मघाशी सत्यभामा ट्रे घेऊन उभी होती तिकडंच बघत होता, ट्रे तर केव्हाच आत गेला होता.

२ फेब्रुवारी

सहा दिवस झाले, विश्वजीत काही सांगत नाही. अपेक्षा विचारत नाही. घरात सगळे एकमेकांना पाणी देतात आणि सरकतात. मला तर रात्री डोळा लागत नाही, म्हणून सकाळी उठून बघते, कुठं काही शिवून तर ठेवलं नाही ना मी.

मी गुपचूप एका चिंधीवर भोकं करून बघितली. एक पण सरळ आलं नाही. उमाताईंना काय दाखवू?

५ फेब्रुवारी, मंगळवार

आज बद्रीनाथचा फोन. विश्वजीत जेवत होता, फोन आवाज मोठा करून ताटाजवळ ठेवला. बद्रीनाथ म्हणाला, गंगापूरवाल्यांनी दिवस काढलाय, रथसप्तमी, चांगला दिवस, रविवार पण आहे, येतेत ते.

सत्यभामेची पोळी तव्यावर फुगून फुटली.

विश्वजीत घास खाऊन मग बोलला. "मामा, त्या दिवशी जमायचं नाही. आमच्याकडं पाहुणे येणार हायेत."

"मग पुढच्या रविवारी?"

"तवा पोरगी पुण्यात असंल."

बद्रीनाथ बरंच काही बोलला, मी लिहीत नाही, माझा भाऊ आहे. विश्वजीतनं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "टीव्हीला भिंतीत फळी ठोकून घेतो. मशीन राहू दे तिथंच." अपेक्षा मोरीत जाऊन तोंड धुवून आली, दोनदा. पाण्याची एवढी ओरड असताना. मी रागावले नाही.

६ फेब्रुवारी

पोरगी जाणार म्हणून रडले, आणि पास झाली म्हणून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. केसरबाईला सांगितलं, तिला आधीच माहीत होतं.

भोकांचं मी एक ठरवलंय. नजर आता पहिल्यासारखी नाही, कबूल करावं. सत्यभामेला शेजारी बसवते, सुईत दोरा ओवायला. तिला शिवणातलं काही येत नाही, पण बघून बघून शिकेल हळूहळू. आज बसवली तर मशीनच्या पट्टीवर हात ठेवून नुसती बसून राहिली.

रविवार, १७ फेब्रुवारी, रथसप्तमी. उमाताई येणार. आदल्या दिवशी टँकर बघून ठेवायचा, आणि मधलं दार चौकटीसकट काढून ठेवायला ह्यांना सांगायचं.